पेरी बालवाडी: आठव्या वर्षी पुसला गेलेला फायदा आणि चाळिशीत सापडलेला

शाळेआधीच्या शिक्षणावर कुठेही भाषण असलं की एक आकडा हमखास येतो: लहान मुलांवर एक डॉलर खर्च करा, सोळा परत मिळतील. हा आकडा एका बालवाडीतून आला आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं इप्सिलांटी हे छोटं शहर, तिथली पेरी प्राथमिक शाळा, १९६२ ते १९६७ ही पाच वर्षं आणि अभ्यासात धरलेली एकूण १२३ मुलं. त्यांपैकी प्रत्यक्ष बालवाडीत गेली ती फक्त ५८. एवढ्या कमी मुलांवर एवढं मोठं विधान उभं असल्यामुळे हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे. मुलांना शाळेसाठी तयार करायचं म्हणजे काय, याचा तिथे जो अर्थ धरला होता तो तीन-चार वर्षांतच कोसळला. फायदा टिकला, पण तो भलत्याच ठिकाणी.

शाळा हलेना, म्हणून बालवाडी

१९५० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड वायकार्ट इप्सिलांटीच्या सरकारी शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून लागला आणि पुढे तिथल्या विशेष सेवा विभागाचा प्रमुख झाला. नापास होणारी, त्याच वर्गात पुन्हा बसवलेली, ‘मंदबुद्धी’चा शिक्का बसून वेगळ्या वर्गात धाडलेली मुलं त्याच्याकडे तपासणीला यायची. त्यांत कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांचा भरणा डोळ्यात भरण्याइतका होता. त्याने शहरातल्या शाळांचे निकाल शेजारी-शेजारी मांडले आणि मुख्याध्यापकांच्या बैठकीत दाखवले. पुढे काय झालं हे त्यानेच लिहून ठेवलंय. कुणी हाताची घडी घालून गप्प बसलं, कुणी उठून खिडकीपाशी सिगारेट ओढायला गेलं, कुणी खोलीतूनच निघून गेलं. मुलंच तशी, त्याला शाळा काय करणार, हा एकूण सूर.

याला एक अपवाद होता, पेरी शाळेचे मुख्याध्यापक चार्ल्स यूजीन बीटी. मिशिगनमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक अशी त्यांची ओळख. वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि पुढे दारोदार जाऊन मुलं गोळा करायची वेळ आली तेव्हा ते वजन कामी आलं. अशा प्रकल्पांच्या अहवालांत संशोधकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं. वस्तीने दार उघडलं कुणामुळे, हे मात्र एखाद्या ओळीत उरकलेलं असतं.

शाळेच्या आत काही बदलू देणार नाहीत हे कळल्यावर वायकार्टने शाळेच्या आधीचं वय धरलं. तीन-चार वर्षांच्या मुलांवर मुख्याध्यापकांचा अधिकार चालत नव्हता, त्यामुळे तिथे आडवं यायला कुणी नव्हतं. अमेरिकेत किंडरगार्टन म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष, साधारण पाचव्या वर्षी, बहुधा प्राथमिक शाळेतच. त्याच्याही आधीची दोन वर्षं मोकळी होती. दुखणं शाळेत सापडलं होतं आणि औषध मुलांना द्यायचं ठरलं, हे इथे विसरून चालणार नाही. ‘मूल तयार नाही’ या निदानात ‘शाळा तयार नाही’ हे निदान गुपचूप मिसळलेलं असतं.

बालवाडी काढायची म्हटल्यावर आणखी एक अडथळा आला, तोही तज्ज्ञांकडून. वायकार्टने सल्ल्यासाठी बोलावलेल्या जाणकारांनी उलटाच इशारा दिला: इतक्या लहान मुलांना असा कार्यक्रम झेपणार नाही, कदाचित अपायच होईल. आज हे ऐकून हसू येतं, पण या भीतीमुळेच प्रयोग नीट आखला गेला. फायदा होतो की तोटा हेच माहीत नसेल, तर तुलनेसाठी बालवाडीत न गेलेली मुलं हवीत, आणि कोण कुठे जाणार हे नशिबावर सोडायला हवं. सगळ्यांना फायद्याची खात्री असती तर कदाचित चिठ्ठ्या टाकायला कुणी धजलंच नसतं.

मुलं कशी निवडली

पेरी शाळेच्या हद्दीतली तीन-चार वर्षांची मुलं शोधली: शाळेत असलेल्या मुलांची धाकटी भावंडं, शेजाऱ्यांनी सांगितलेली मुलं, दारं ठोठावून सापडलेली मुलं. आईवडिलांचं शिक्षण, त्यांचं काम आणि घरात माणशी किती खोल्या यांवरून कुटुंबाची परिस्थिती ठरवली. मग स्टॅनफर्ड-बिने चाचणी घेऊन ज्यांचा बुद्ध्यांक साधारण ७० ते ८५ च्या दरम्यान होता आणि ज्यांना मेंदूचं काही उघड दुखणं नव्हतं, तीच घेतली. म्हणजे शाळेत नापास होणार असं ज्यांच्याबद्दल आधीच गृहीत धरलं जायचं, नेमकी ती मुलं. सगळी मुलं आफ्रिकी-अमेरिकी होती.

त्यांचे दोन गट पाडले, बुद्ध्यांक, मुलगे-मुली आणि घरची परिस्थिती दोन्हीकडे सारखी होईल असे, आणि कोणता गट बालवाडीत जाणार हे नाणं उडवून ठरवलं. बालवाडीत ५८, बाहेर ६५. एका घरातली भावंडं एकाच गटात ठेवली, नाहीतर थोरल्याचं शिकलेलं धाकट्याला घरीच मिळालं असतं. आणखी एक फेरफार झाला: ज्यांच्या आया नोकरीला जात होत्या अशी काही मुलं बालवाडीतून काढून बाहेरच्या गटात घातली. कारण व्यवहाराचं होतं. या कार्यक्रमात शिक्षिका दर आठवड्याला घरी येणार होती आणि तेव्हा आई घरात असणं गरजेचं होतं.

सकाळचे अडीच तास आणि दुपारची घरभेट

वर्ग आठवड्याचे पाच दिवस, सकाळी अडीच तास, ऑक्टोबर ते मे. एका वर्षी वीस-पंचवीस मुलं आणि चार शिक्षिका, म्हणजे एकीकडे पाच-सहा मुलं. शिक्षिका रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या, सरकारी शाळेच्या सेवेतल्या. बहुतेक मुलं दोन वर्षं आली; पहिल्या तुकडीतल्या १३ मुलांना मात्र एकच वर्ष मिळालं, कारण ती आली तेव्हाच चार वर्षांची होती.

वर्गात काय करायचं याचा तयार आराखडा सुरुवातीला नव्हता. मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे याच्या विचारांची गाठ पडल्यावर तो हळूहळू आकाराला आला आणि त्याचा कणा ‘ठरवा, करा, सांगा’ हा झाला. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून जरा जवळून बघू. समजा एक मुलगा आला. शिक्षिका विचारते, “आज काय करणार आहेस?” तो ठोकळ्यांकडे बोट दाखवतो. “ठोकळ्यांचं काय करणार?” “गॅरेज.” “कुणासाठी?” “ट्रकसाठी.” झालं, आता त्याच्या डोक्यात एक बेत आहे. तो गॅरेज बांधायला घेतो आणि ट्रक आत मावत नाही. शिक्षिका शेजारी बसलेली असते, पण ठोकळा स्वतः उचलून ठेवत नाही. “आता रे काय करायचं?” एवढंच विचारते. भिंत मोडून पुन्हा बांधायची की लहान ट्रक आणायचा, हे त्याचं तो ठरवतो. शेवटी सगळे गोल बसतात आणि प्रत्येकजण काय केलं ते सांगतो. ट्रक अडकल्याचंही सांगतो.

यात अक्षरओळख आणि अंक जाता जाता येतात. सराव होतो तो बेत करण्याचा, त्याला चिकटून राहण्याचा, फसल्यावर आदळआपट न करता दुसरं काही शोधण्याचा आणि मोठ्या माणसाला ते शब्दांत सांगण्याचा. त्या वेळी या गोष्टी मोजायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. मोजला तो बुद्ध्यांक.

दुपारी शिक्षिका घरोघर जायच्या. प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा, सुमारे दीड तास. आई आणि मूल दोघांना बरोबर घेऊन सकाळच्याच धाटणीचं काहीतरी करायचं. आईला शिकवण्यापेक्षा तिच्या देखत मुलाशी बोलायचं, आणि मूल काय काय करू शकतं हे तिला दिसू द्यायचं. शाळा या शब्दाशी त्या घरांचा संबंध तोवर बहुधा तक्रारीपुरताच होता; इथे शाळेतली बाई दर आठवड्याला येत होती आणि मुलाचं कौतुक करत होती. वर्गाइतकंच महत्त्व मी या भेटींना देईन, जरी आकड्यांत ते वेगळं काढून दाखवता येत नसलं तरी.

पहिला निकाल: विजय, आणि लगेच फज्जा

पहिल्या वर्षाअखेर बालवाडीतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८० च्या आसपासहून ९५ च्या आसपास गेला. बाहेरची मुलं ८३ च्या घरात होती. पाचव्या वर्षी, किंडरगार्टनच्या उंबरठ्यावर, ९० किंवा त्याहून जास्त बुद्ध्यांक असलेली मुलं बालवाडीच्या गटात ६७ टक्के आणि दुसऱ्या गटात २८ टक्के. पुढे या प्रकल्पाच्या गाजलेल्या आलेखात याच आकड्याला ‘पाचव्या वर्षी शाळेसाठी तयार’ असं नाव मिळालं.

मग मुलं शाळेत गेली आणि अंतर कमी होऊ लागलं. दुसरीपर्यंत, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, दोन्ही गटांचा बुद्ध्यांक जवळपास एकाच पातळीवर आला. पंधरा गुणांची झेप कुठे गेली कुणास ठाऊक.

हा काळही वाईट होता. गरीब कुटुंबांतल्या मुलांसाठी अमेरिकी सरकारने १९६५ मध्ये हेड स्टार्ट सुरू केलं, तेही सुरुवातीला उन्हाळ्यातल्या आठ आठवड्यांपुरतं, आणि १९६९ च्या वेस्टिंगहाउस अहवालाने त्यातले फायदे शाळेत गेल्यावर विरतात असं सांगितलं. बालवाडीचा उपयोग नाही, हे म्हणणं त्या वेळी पुराव्यावर उभं होतं. पेरीची कागदपत्रं तिथेच बासनात बांधली असती तर आज हे प्रकरण एका अपयशाची नोंद म्हणून उरलं असतं. वायकार्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांचा खरा पराक्रम मला इथे दिसतो. त्यांनी मुलांचा माग सोडला नाही. १९७० मध्ये त्याने हायस्कोप ही संस्था काढली आणि त्याच १२३ जणांना शोधत राहायचं काम चालू ठेवलं. चाळिशीला हयात असलेल्यांपैकी ९७ टक्के लोकांच्या मुलाखती झाल्या. घरं बदललेली, शहरं सोडलेली, काही तुरुंगात असलेली माणसं इतक्या वर्षांनी गाठणं किती जिकिरीचं असतं हे सर्वेक्षणाचं काम केलेल्यांना विचारा.

चाळिशीत काय सापडलं

बुद्ध्यांक सारखा, तरी आयुष्यं सारखी नव्हती. चौदाव्या वर्षी शालेय चाचणीत किमान पातळी गाठणारे बालवाडीच्या गटात ४९ टक्के, दुसऱ्या गटात १५. हायस्कूल किंवा त्याच्या बरोबरीची परीक्षा पूर्ण केलेले ७७ आणि ६०. चाळिशीला नोकरीत असलेले ७६ आणि ६२. पाच किंवा त्याहून जास्त वेळा अटक झालेले ३६ आणि ५५.

टक्केवारी ऐकताना पाया विसरायला होतं, म्हणून शेवटचा आकडा माणसांत मोडून बघा: ५८ पैकी साधारण २१, ६५ पैकी साधारण ३६. सात-आठ माणसं इकडची तिकडे झाली असती तर चित्र बदललं असतं. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. जेम्स हेकमन यांनी (अर्थशास्त्राचं नोबेल, वर्ष २०००) आपल्या सहकाऱ्यांसह हाच सगळा डेटा पुन्हा तपासला, इतक्या लहान नमुन्यासाठी योग्य पद्धती वापरल्या, नोकरदार आयांच्या मुलांच्या अदलाबदलीचाही हिशेब धरला, आणि मुख्य निष्कर्ष टिकले.

मुलगे आणि मुली वेगळे करून बघितले की गोष्ट आणखी खुलते. शिक्षणातला फरक जवळजवळ सगळा मुलींचा आहे: हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुली ८८ टक्के, आणि बालवाडीत न गेलेल्यांत ४६. मानसिक दुर्बलतेसाठी वेगळी शिकवणी लागलेल्या मुली ८ टक्के, दुसरीकडे ३६. गुन्ह्यांच्या हिशेबातला पैसा मात्र मुख्यतः मुलग्यांमुळे वाचला. ‘बालवाडीने अमुक टक्के फायदा’ या एका वाक्यात हे दोन वेगवेगळे परिणाम एकत्र कालवले जातात.

बुद्ध्यांक पूर्ववत झाला तर फायदा आला कुठून? हेकमन यांच्या चमूने २०१३ मध्ये दिलेलं उत्तर मला पटतं: मोठा वाटा वागणुकीतल्या बदलाचा. मारामारी, खोटं बोलणं, वर्गात गोंधळ घालणं असलं वागणं कमी झालं, आणि मुलींच्या बाबतीत अभ्यासाची ओढही वाढली. शाळेत रोज फरक पडतो तो इथे. ज्या मुलाला बाई वर्गाबाहेर काढत नाहीत त्याचे तास भरतात, ज्याचे तास भरतात त्याच्यावर शिक्का बसत नाही, आणि शिक्का नसलेल्या मुलाकडून पुढच्या वर्षीच्या बाई जास्त अपेक्षा ठेवतात. गुणपत्रिकेत यातलं काही दिसत नाही, तरी वर्षागणिक ते साठत जातं.

याला आधार देणारा दुसरा प्रयोग त्याच शहरात झाला. १९६७ पासून ६८ मुलांना तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या बालवाड्यांत घातलं: एकीत शिक्षिका पाठ देणार आणि मुलं उत्तरं म्हणणार, दुसरी ‘ठरवा, करा, सांगा’वाली, तिसरी मोकळ्या खेळाची. बुद्ध्यांक तिन्हींत सारखाच वाढला. पण तेविसाव्या वर्षापर्यंत गंभीर गुन्ह्यासाठी अटक झालेले पहिल्या गटात ३९ टक्के, आणि उरलेल्या दोन्हींत १० टक्क्यांच्या आसपास. हा पुरावा मी सावधपणे धरतो. मुलं आणखी थोडी आहेत, आणि अभ्यास करणारी हायस्कोप हीच संस्था त्यांपैकी एका, ‘ठरवा, करा, सांगा’ पद्धतीची जन्मदाती आहे. स्वतःच्या घोड्याच्या शर्यतीत स्वतःच पंच होण्याचा हा प्रकार. तरी मुलांना पाठांतरात रेटून ‘तयार’ करणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

एकाला सोळा

आता तो प्रसिद्ध आकडा. २००० सालच्या किमतींत एका मुलामागे कार्यक्रमाचा एकूण खर्च १५,१६६ डॉलर. चाळिशीच्या अहवालात परतावा काढला तो डॉलरमागे १६.१४, त्यातले १२.९० समाजाचे आणि ३.२४ त्या व्यक्तींचे स्वतःचे. समाजाच्या वाट्यातले ८८ टक्के गुन्हे कमी झाल्यामुळे वाचलेले. म्हणजे पोलीस, खटले, तुरुंग आणि गुन्ह्यांच्या बळींचं नुकसान. हेकमन यांनी जास्त काटेकोर हिशेब करून वर्षाला ७ ते १० टक्के असा परतावा सांगितला. हाही उत्तमच आहे, पण भाषणात ‘सोळापट’ जास्त टाळ्या घेतं.

जिथे तुरुंगावर इतका खर्च होत नाही तिथे हाच हिशेब लावला तर आकडा आपोआप खाली येईल. शिवाय १९६२ मध्ये बाहेरच्या ६५ मुलांना दुसरं काहीच उपलब्ध नव्हतं, तेव्हा हेड स्टार्टही जन्माला यायचं होतं. आज तुलनेतली मुलं कुठल्या ना कुठल्या पाळणाघरात किंवा वर्गात असतातच. आणि पेरीच्या नावावर प्रत्यक्षात दिलं जातं काय? पंधरा-वीस मुलांमागे एक शिक्षिका, घरभेटी नाहीत, अक्षरं गिरवण्याच्या वह्या, आणि प्रस्तावाच्या पहिल्या पानावर पेरीचा आकडा, असे कार्यक्रम सर्रास मांडले जातात. टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाड्यांचा २,९९० मुलांवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा सहावीपर्यंत बालवाडीत गेलेली मुलं चाचण्यांत मागे होती आणि त्यांच्या शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. त्यामुळे ‘बालवाडी चांगली असते’ हे वाक्य पुराव्यावर टिकत नाही. अमुक बालवाडी, अमुक मुलांसाठी, अमुक काळात चांगली होती, इतकंच टिकतं.

२०१९ मध्ये हेकमन आणि गणेश करपकुला यांनी पन्नाशी ओलांडलेल्या त्याच लोकांच्या मुलांकडे बघितलं. बालवाडीत गेलेल्यांच्या मुलांना शाळेतून निलंबित होण्याचे प्रसंग कमी आले होते आणि ती कामधंद्याला जास्त लागलेली होती. अडीच तासांचा वर्ग पुढच्या पिढीपर्यंत पोचला असेल तर वाट बहुधा घरातूनच गेली असणार.

आणि घर म्हटलं की पुन्हा त्या अदलाबदलीपाशी यावं लागतं. वर्गाचा परिणाम किती आणि घरभेटीचा किती, हे पेरीत कधीच वेगळं केलं गेलं नाही. ५८ जणांना दोन्ही मिळालं, ६५ जणांना एकही नाही. घरभेटी चालल्या त्या दुपारी घरी सापडणाऱ्या आयांच्या भरवशावर, आणि ज्या आया सापडणार नव्हत्या त्यांच्यातल्या काहींची मुलं आधीच वगळली होती. दिवसभर कामावर असलेल्या आईच्या मुलाला हाच कार्यक्रम किती लागू पडेल, तिच्या घरी शिक्षिकेने संध्याकाळी सातला जायचं की रविवारी, त्या वेळेचा पगार तिला कोण देणार, याचं उत्तर त्या १२३ नोंदींत मिळत नाही. नवा कार्यक्रम आखणाऱ्याला ते स्वतःच शोधावं लागतं, आणि अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री लागते ती याच रकान्याला.